आधी सेंटर लाइन काढ

मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये नवीन लागलेल्या मुलाने मला विचारलं, ताई, ड्रॉइंग तर ऑटोकॅडमध्ये तयार पडलंय, मग सिम्युलेशनसाठी परत कशाला काढायचं, इम्पोर्ट करून टाकू ना. दीड वर्षापूर्वी मी अगदी हेच म्हटलं होतं आणि त्यात माझे चार दिवस गेले होते, म्हणून त्याला सांगता सांगता वाटलं की एकदा सगळं नीट लिहून काढावं, कुठे अडलं, काय चुकलं, कसं सापडलं.

मी बडोद्यात एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात डिझाइनला आहे, मकरपुऱ्याच्या बाजूला. शिक्षण एमएस युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे आपल्या कलाभवनात, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं. घर दांडिया बाजारात, बाबा आता रिटायर आहेत पण सगळं आयुष्य ड्राफ्ट्समन म्हणून गेलं, त्यांचं बोलणं पुढे येईल.

तर काम असं होतं. ३३ केव्हीचा जॉब, म्हणजे ३३ हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, आत एलव्ही म्हणजे कमी व्होल्टेजची कॉइल, बाहेर एचव्ही म्हणजे जास्त व्होल्टेजची कॉइल, दोघांच्या मध्ये २७ मिलिमीटरचं अंतर, त्यात १२ मिलिमीटर ऑइल, मग ३ मिलिमीटर प्रेसबोर्डचा (इन्शुलेशनचा दाबलेला पुठ्ठा) सिलिंडर, मग परत १२ ऑइल. या क्लासला एक मिनिटाची टेस्ट ७० केव्हीची आणि इम्पल्स, म्हणजे वीज पडल्यासारखा क्षणभराचा झटका, १७० केव्हीचा. आमचे साहेब म्हणाले, "दर वेळी आपण जुन्या जॉबवरून अंतर उचलतो, या वेळी तू फील्ड काढून बघ, विशेष करून एचव्हीच्या वरच्या टोकाला." फील्ड म्हणजे दर मिलिमीटरला किती केव्हीचा ताण पडतो ते. टोकाला बघायचं कारण मधे दोन्ही कॉइल समोरासमोर सरळ असतात, तिथे वहीवर हिशोब होतो, पण टोकाला कॉइल संपते, फील्ड वळतं आणि कोपऱ्यावर गर्दी करतं, ते हाताने निघत नाही.

सॉफ्टवेअर वापरलं ते एफईएमएम, आम्ही नुसतं फेम म्हणतो. डेव्हिड मीकर यांनी लिहिलेलं, फुकट आहे, आणि टू-डी कामासाठी मला ते मनापासून आवडतं. त्यात चित्र काढायला फक्त चार गोष्टी आहेत, पॉइंट, सरळ रेघ, आर्क आणि ब्लॉक लेबल. बंद झालेल्या प्रत्येक भागात एक लेबल टाकायचं की हे ऑइल, हे बोर्ड, आणि कॉइलच्या तांब्याच्या आत जाळी (मेश, म्हणजे हिशोबासाठी जागेचे पाडलेले बारीक त्रिकोण) नको असेल तर नो मेश. ट्रान्सफॉर्मरची कॉइल गोल असते त्यामुळे पूर्ण काढायची गरज नाही, अक्षापासून एका बाजूचा काप काढला की पुरे, सॉफ्टवेअर तो मनातल्या मनात गोल फिरवतं. मग मेशचं बटण, मग सॉल्व्हचं, त्याच्यावर हँडल फिरवायचं चित्र आहे, आणि मग रिझल्टचं.

मी काय केलं, प्रॉडक्शनचं ड्रॉइंग घेतलं, डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारी ड्रॉइंगची फाइल) केली आणि इम्पोर्ट मारलं. स्क्रीनवर जे आलं ते बघून पहिल्यांदा आनंदच झाला, सगळं जागच्या जागी दिसत होतं. पण झूम केल्यावर कळलं काय काय आलंय ते. डायमेन्शनच्या रेघा, बाणांची टोकं, हॅचिंगच्या तिरक्या रेघा, नट-बोल्ट, शिवाय कॉइलची डावी-उजवी दोन्ही अंगं. डावं अंग तर चालणारच नव्हतं कारण अशा फिरवलेल्या मॉडेलमध्ये अक्षाच्या डावीकडे काही असूच शकत नाही. परत ऑटोकॅडमध्ये गेले, ब्लॉक एक्स्प्लोड केले, लेअर बंद केल्या, एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिल करून काढल्या, परत इम्पोर्ट. असं किती वेळा केलं मोजलं नाही, दोन दिवस त्यातच गेले.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की माझी कॉइल अक्षापासून भलत्याच अंतरावर आहे. ड्रॉइंगचा शून्य कागदाच्या खालच्या कोपऱ्यात होता, आणि फेमला शून्य म्हणजे अक्ष, तर एलव्हीची बाहेरची त्रिज्या १५० असायच्या जागी पाचशेच्या पुढे गेली होती. चित्र हुबेहूब तेच दिसतं, एक रेघ इकडची तिकडे नाही, पण वस्तू वेगळीच झाली, साधी कॉइल न राहता एक भलं मोठं कडं झालं. सगळं सिलेक्ट करून सरकवलं. एक आपलं सांगून ठेवते, फेममध्ये अनडू एकच पाऊल मागे जातं, त्यामुळे काही मोठं हलवायच्या आधी फाइल नवीन नावाने सेव्ह करायची, मी एक, दोन, तीन असे नंबर टाकत जाते आणि जुनी फाइल जॉब संपेपर्यंत पुसत नाही.

मग मेश झाली, सॉल्व्ह झालं, रंगीत चित्र आलं आणि ते इतकं सुंदर होतं की मी लगेच साहेबांना दाखवायला निघाले होते. पण एक सवय आहे, मधल्या सरळ भागाचा आकडा वहीवर काढून ताडून बघायचा. एकात एक बसलेल्या दोन सिलिंडरांचं सूत्र कॉलेजात सगळ्यांनीच केलेलं असतं. ऑइलची परमिटिव्हिटी (हा आकडा जितका मोठा तितकं त्या मटेरियलमध्ये फील्ड कमी) २.२ धरली, बोर्डाची ४.४, आतली त्रिज्या १५०, बाहेरची १७७, बोर्ड १६२ ते १६५, व्होल्टेज ७०. वहीवर एलव्हीच्या पृष्ठभागावर आलं २.९८ केव्ही प्रति मिलिमीटर. कॉम्प्युटर म्हणत होता २.८२.

आता सहा टक्क्यांचा फरक, कुणीही म्हणेल चालतंय, जाळीमुळे असेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण अशा सरळ भागात जाळीमुळे एवढा फरक पडत नाही, म्हणून मी सहज मधला बोर्ड काढून टाकून वहीवर परत हिशोब केला, नुसतं ऑइल धरून, आणि उत्तर आलं २.८२. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते मधे बोर्ड नव्हताच! चित्रात तर बोर्डाच्या रेघा समोर दिसत होत्या, त्याच्यात लेबलही टाकलेलं होतं.

मग एचव्ही आणि एलव्हीच्या मधे आडवी रेघ मारून तिच्यावर फील्डचा ग्राफ काढला. ऑइलमधून बोर्डात शिरताना फील्ड एकदम निम्मं व्हायला पाहिजे, कारण परमिटिव्हिटी दुप्पट आहे, माझ्या हिशोबाने २.७६ वरून १.३८. ग्राफ मात्र घसरगुंडीसारखा सरळ उतरत गेलेला, पायरी कुठेच नाही. तेव्हा बोर्डाच्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झूम करत गेले, आणि वरच्या टोकाला जिथे उभी रेघ आडव्या रेघेला भेटते तिथे ती भेटलीच नव्हती. ०.०३ मिलिमीटर फट. इम्पोर्ट करताना ते विचारतं की किती जवळचे पॉइंट एकच धरायचे, तिथे मी फार बारीक आकडा दिला होता. तेवढ्याशा फटीतून बोर्डाचा भाग आणि ऑइलचा भाग एकच होऊन गेला, लेबलं दोन असली तरी जागा एक, आणि ती सगळी ऑइल म्हणून धरली गेली. एरर काही आली नाही. लेबल विसरलं तर ते ओरडतं की इथे मटेरियल दिलेलं नाही, पण फट राहिली तर गप्प बसतं.

आणि खरं तर खूण माझ्या डोळ्यासमोर होती. मेशमध्ये त्याच जागी एक काळा ठिपका दिसत होता, मी तो बघितला होता आणि पुढे गेले होते. तो ठिपका म्हणजे शेकडो बारीक त्रिकोण एका जागी कोंबलेले. जाळी पाडायचं काम फेममध्ये ट्रँगल नावाचा प्रोग्राम करतो, जोनाथन शूचुक यांचा, आणि त्याला फार निमुळता त्रिकोण चालत नाही, त्यामुळे ०.०३ ची फट आली की त्याला तिथे त्याच मापाचे त्रिकोण भरावे लागतात आणि मग हळूहळू मोठे करत बाहेर यावं लागतं. तेव्हापासून माझा नियम आहे, मेश झाली की आधी पूर्ण चित्रात काळे ठिपके शोधायचे, जिथे बारीक जाळी आपण मागितलेली नाही तिथे ती का आली हे कळल्याशिवाय सॉल्व्हला हात लावायचा नाही.

त्या दिवशी घरी आले तेव्हा फार थकले होते. बाबांनी सेव-उसळ आणून ठेवली होती, खाता खाता त्यांना सगळं सांगितलं. त्यांना फेम वगैरे माहीत नाही, पण ड्रॉइंग म्हटलं की ते सगळं बाजूला ठेवून ऐकतात. त्यांच्या काळात ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडून काढायचे, कागद फाटू न देता, ते त्यांचं अनडू. सगळं ऐकून म्हणाले, "तू जे घेतलंस ते बनवणाऱ्यासाठी काढलेलं ड्रॉइंग आहे गं. त्यात वर्करला काय पाहिजे ते असतं. तुला मोजायचंय, तर तुझं ड्रॉइंग वेगळं. कोऱ्या कागदावर घे. आधी सेंटर लाइन काढ, मग एकेक रेघ घालताना विचार की ही मला कशाला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली. अक्ष शून्यावर. माउसने एकही पॉइंट टाकला नाही, टॅब दाबलं की आकडे टाकायची खिडकी येते, त्यातच सगळे पॉइंट टाकले, १५०, १६२, १६५, १७७, उंचीचे आकडे ड्रॉइंगवरून. नट-बोल्ट नाही, स्पेसर नाही (अंतर राखणारे ठोकळे, ते गोलाईत तुकड्या-तुकड्यांनी असतात, अशा मॉडेलमध्ये घातले तर पूर्ण रिंग होऊन बसेल), योक (कोअरचा आडवा लोखंडी भाग) आणि तो आवळणारे क्लॅम्प म्हणजे नुसत्या शून्य व्होल्टच्या रेघा. सगळं मिळून चाळीसेक पॉइंट झाले असतील, डीएक्सएफमध्ये हजाराच्या वर होते. दीड तासात मॉडेल उभं राहिलं, मधल्या भागात आकडा आला २.९८, आणि ग्राफवर बोर्डाची पायरी स्वच्छ दिसली. मी तो ग्राफ प्रिंट करून टेबलावर लावला, अजून आहे.

मग खरं काम सुरू झालं, टोकाचा कोपरा. एचव्हीच्या सगळ्यात वरच्या डिस्कचा (कॉइलचा चकतीसारखा एक थर) आतला कोपरा, एलव्हीच्या समोरचा. मी तो काटकोन काढला होता, दोन रेघा आणि एक पॉइंट. जाळी १ मिलिमीटरची ठेवली तर तिथे ६ केव्ही प्रति मिलिमीटर आलं. नेहमीप्रमाणे जाळी निम्मी करून बघितलं, ७.६. अजून निम्मी, ९.५. अजून निम्मी, १२. थांबायलाच तयार नाही, दर वेळी सव्वापट, तीनदा निम्मी केली की दुप्पट.

साहेबांना दाखवलं तर त्यांनी वहीत एक कोपरा काढून समजावलं. तांब्याचा काटकोनी कोपरा असेल तर थिअरीप्रमाणे टोकावर फील्ड अनंत असतं, टोकाच्या जितकं जवळ जाल तितकं ते वाढतं, अंतराच्या घनमुळाच्या उलट्या प्रमाणात, म्हणून अंतर आठ पट कमी केलं की फील्ड दुप्पट, आणि माझी जाळी तीनदा निम्मी म्हणजे बरोबर आठ पट बारीक. म्हणजे सॉफ्टवेअर चुकत नव्हतं, मी विचारलेल्या कोपऱ्याचं खरं उत्तरच ते देत होतं, फक्त तसा कोपरा जगात कुठे नाही. ६ आणि १२ हे दोन्ही आकडे नुसते माझ्या जाळीचे होते, ट्रान्सफॉर्मरचे नव्हते. हे मला फार लागलं, कारण पहिल्या फाइलवर थांबले असते तर ६ लिहून रिपोर्ट दिला असता आणि तो कुणी अडवलाही नसता.

मी उठून वाइंडिंग शॉपमध्ये गेले. तिथे आमचे जुने वाइंडर काका आहेत, गुजराती, कॉइलवर तीसएक वर्षं काम केलेले. त्यांना विचारलं की स्ट्रिपचा कोपरा कसा असतो. त्यांनी कागद सोललेला तांब्याच्या पट्टीचा तुकडा माझ्या हातात दिला, "बेन, आमां खूणो छे ज क्यां, हाथ फेरवी जुओ." म्हणजे यात कोपरा आहेच कुठे, हात फिरवून बघा. खरंच, अंगठा फिरवला तर कुठे टोचत नाही, लोण्यासारखी कड. आणि ती मुद्दाम तशी करतात, धार राहिली तर वरचा कागद कापला जातो. स्टोअरमधून स्ट्रिपचं सर्टिफिकेट काढलं, जाडी २.५, कोपऱ्याची गोलाई ०.८ मिलिमीटर. प्रॉडक्शनच्या ड्रॉइंगवर ही गोलाई कुठेच नव्हती, असायचं कारणही नाही, ती स्ट्रिपसोबतच येते.

मग तो काटकोन काढून ०.८ चा आर्क घालायचा. फेममध्ये आर्क पहिल्या पॉइंटकडून दुसऱ्याकडे घड्याळाच्या उलट्या दिशेने जातो, मी पॉइंट उलट क्रमाने दाबले तर आर्क आतल्या बाजूला वळला, बिस्किटाला चावा घेतल्यासारखा कोपरा झाला. पुसून परत काढला. आर्क काही खरा गोल नसतो, लहान लहान सरळ तुकड्यांचा असतो, आणि किती अंशाचा एक तुकडा ते आपण सांगायचं. मी ३० दिलं होतं तर ९० अंशात तीनच तुकडे, म्हणजे एका कोपऱ्याच्या जागी चार बोथट कोपरे, आणि आकडा परत जाळीबरोबर हलायला लागला. २.५ अंश केलं, छत्तीस तुकडे, आणि मग जाळी निम्मी करत गेले तर ६.८, ७.०, ७.०. तो दुसरा ७.० आला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून नुसती बघत बसले होते. आठवडाभरात पहिल्यांदा असा आकडा मिळाला जो मी काहीही केलं तरी जागचा हलत नव्हता.

पुढे हे सगळं ल्युआ नावाच्या भाषेत स्क्रिप्ट करून लिहून काढलं, फेममध्ये ती सोय आहे, एडनोड, एडसेगमेंट, एडआर्क अशा कमांड, आणि अंतर, गोलाई, बोर्डाची जागा ही वर नावं देऊन ठेवली. आता साहेब म्हणाले बोर्ड दोन मिलिमीटर आत घे तर एक आकडा बदलते, चित्र स्वतः परत काढलं जातं, फट राहायचा प्रश्न येत नाही. ज्याला रोज अशी मॉडेल करायची आहेत त्याने माउसने काढण्यात जन्म घालवू नये असं माझं ठाम मत आहे, पण पहिलं मॉडेल मात्र हातानेच काढावं, एकेक पॉइंट टाकत, नाहीतर स्क्रिप्टमध्ये काय लिहितोय तेच कळत नाही.

बाबांना मेशचा प्रिंटआउट दाखवला होता. भिंग घेऊन कोपऱ्यातले त्रिकोण बघत होते बराच वेळ, मग विचारलं, "हे सगळं त्याने एकट्याने काढलं? एकही रेघ दुसरीवर चढलेली नाही." आणि प्रिंट त्यांच्या जुन्या ड्रॉइंगच्या नळीत गुंडाळून ठेवला.

तर आता हा नवीन मुलगा. त्याला माझी स्क्रिप्ट न देता कोऱ्या फाइलवर बसवलं, अक्ष शून्यावर ठेवून त्याने दोन दिवसांत चांगलं मॉडेल केलं, आणि काल एक पाऊल पुढे जाऊन तांब्यावरचा कागदही घातला, एका बाजूला ०.२५ मिलिमीटर. त्याचा आकडा माझ्यापेक्षा कमी आला आणि तो खूश होता. मी त्याच्या कोपऱ्यावर झूम करून बघितलं. तांब्याला ०.८ चा आर्क आणि कागदाच्या बाहेरच्या कडेलाही ०.८ चाच, दोघांचे मध्यबिंदू वेगवेगळे, त्यामुळे सरळ भागात ०.२५ असलेला कागद नेमका कोपऱ्यावर ०.३५ झाला होता. वाइंडर काकांचा तो स्ट्रिपचा तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तो त्याला दिला, कागदाचा एक थर कोपऱ्यावरून गुंडाळायला लावला, बघ म्हटलं, तिथे कागद जाड होतो का. नाही होत म्हणाला. मग मध्यबिंदू एकच ठेव आणि बाहेरचा आर्क १.०५ चा कर, असं सांगितलं, आणि तो परत टॅब दाबून आकडे टाकायला बसला.